सोसायटीतले भेक पकडून डोंगरावर नेऊन सोडावेत का?

रानजाई | ६ जुलै, सकाळी ९:४०

मंडळी, जरा घाईचा सल्ला हवा आहे. आमच्या तळेगावच्या रो-हाउस सोसायटीत पाऊस सुरू झाला की भेक (टोड) भरपूर दिसतात. संध्याकाळी दिव्यांच्या खांबांखाली बसून किडे टिपत असतात. मागच्या आठवड्यात एका शेजाऱ्यांच्या कुत्र्याने भेक तोंडात धरला, त्याच्या तोंडाला फेस आला, उलट्या झाल्या. कुत्रा वाचला, पण तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव येतोय की सगळे भेक गोळा करून लोणावळ्याकडच्या डोंगरात सोडून यायचं. मारावं असं कुणीच म्हणत नाही, हे खरं. "निसर्गातच राहतील की" असा एकूण सूर आहे.

मला ते पटत नाही. भेक मुंग्या, वाळवी, भुंगेरे खातात, कुणाच्या अंगावर येत नाहीत. पण मीटिंगमध्ये "मला वाटतं" चालत नाही, माहिती लागते. तेव्हा सांगा: त्यांचं विष कितपत घातक? त्यांच्यापासून माणसाला रोग होतात का? आणि डोंगरात नेऊन सोडणं बरोबर की चूक?

मिरगाचा_किडा | ६ जुलै, सकाळी १०:०५

वाचतोय. आमच्याकडेही हाच वाद दरवर्षी होतो.

पशुवैद्य_वाई | ६ जुलै, दुपारी १:२०

कुत्र्याचं आधी सांगतो, कारण पावसाळ्यात अशा केसेस दर वर्षी येतात.

भेक विष टोचत नाही, उडवत नाही. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना ज्या फुगीर ग्रंथी दिसतात त्या दाबल्या गेल्या की पांढरा, दुधासारखा चिकट स्राव येतो. कुत्र्याने चावल्यावर तो थेट हिरड्यांना लागतो. लाळ, फेस, पंजाने तोंड खाजवणं, लालभडक हिरड्या ही पहिली लक्षणं. बहुतेक कुत्री एवढ्यावर सुटतात. धडपडायला लागलं, झटके आले किंवा ठोके अनियमित झाले तर मात्र ते गंभीर.

घरी करायचं एवढंच: मान खाली ठेवून तोंडाच्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे ते बाहेर पडेल. घशाकडे धार मारू नका, पाणी फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, फडकं धुऊन पुन्हा पुसा. मग गाडी काढा आणि दवाखाना गाठा. दूध, तूप, मीठ काहीही पाजू नका. आणि पावसाळ्यात रात्रीच्या फेरीला कुत्रा पट्ट्यात ठेवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

गावकूस | ६ जुलै, दुपारी २:०२

आमच्या लहानपणी आज्जी सांगायची, भेकाला हात लावला की चामखिळी येतात. भेकाच्या अंगावरचे फोड पाहून पटायचंही.

पशुवैद्य_वाई | ६ जुलै, दुपारी २:३०

चामखीळ माणसाच्या विषाणूमुळे येते, एचपीव्ही. भेकाचा त्यात काहीच हात नाही. त्याच्या अंगावरचे ते फोड म्हणजेसुद्धा ग्रंथीच. हात मात्र धुवायचे. एक म्हणजे तो स्राव डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो, आणि दुसरं म्हणजे उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. साबण पुरे.

निशाचर | ६ जुलै, संध्याकाळी ७:१५

जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे विषाबद्दल थोडं सविस्तर.

आपल्या अंगणातला हा भेक म्हणजे डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. पूर्वी बुफो म्हणत. २००६ मध्ये वर्गीकरणाची मोठी फेररचना झाली तेव्हा या प्रजातीला (म्हणजे नावाच्या पहिल्या भागाला) भारतीय संशोधक सुशील कुमार दत्ता यांचं नाव मिळालं. बुफोनिडे हे खऱ्या भेकांचं कुळ, त्यात ६०० हून जास्त जाती आहेत. यांना दात नसतात. नरांत वृषणाजवळ बिडरचा अवयव म्हणून एक भाग असतो, तो म्हणजे न वाढलेला अंडाशय. १९२० च्या दशकात जिनिव्हात किटी पाँस या संशोधिकेने दाखवलं की नराचे वृषण काढले तर हाच भाग वाढून चालता अंडाशय होतो.

विषातले मुख्य रेणू म्हणजे बुफाडायनोलाइड. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप असतो, हे रेणू तोच बंद पाडतात. हृदयविकारावर देतात त्या डिजॉक्सिनचंही काम याच पंपावर चालतं. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काही पुरुषांनी भेकाचं विष असलेली 'ताकदीची' गोळी गिळली आणि जिवाला मुकले. ती पोटात घ्यायची नव्हतीच, वरून लावायची होती. पुढे अशा रुग्णांवर डिजॉक्सिनचा उतारा वापरला गेला आणि तो लागू पडला.

मग साप भेक कसे पचवतात? गवत्या साप तर मुख्यतः भेकांवरच जगतो. अशा सापांच्या पंपात दोन-चार जागी बदल झालेले असतात, त्यामुळे विष तिथे चिकटतच नाही. जपानमधला एक साप तर भेकाचं विष आपल्या मानेतल्या ग्रंथींत साठवून स्वतःच्या बचावासाठी वापरतो.

बटाटेवडा_प्रेमी | ६ जुलै, रात्री ८:४०

म्हणजे सोसायटीत दोन गवत्या आणून सोडले की काम फत्ते! मग सापांसाठी वेगळी मीटिंग.

रानजाई | ६ जुलै, रात्री ८:५५

नको नको, आमच्या कमिटीला कल्पना देऊ नका :)
निशाचर सर, डॉक्टर, फार आभार. डोंगरात सोडण्याबद्दल कुणी सांगेल का?

ब्रिस्बेनकर | ७ जुलै, पहाटे ५:१०

इथे सांगण्यासारखं आहे, कारण भेक एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेल्याचे परिणाम मी रोज अंगणात बघतो.

१९३५ मध्ये क्वीन्सलँडच्या ऊसवाल्यांनी हवाईतून सुमारे १०० केन टोड आणले. उसाच्या मुळांना लागणाऱ्या हुमणीसारख्या अळ्या आणि त्यांचे भुंगेरे खाऊन टाकतील ही अपेक्षा. भुंगेरे उसाच्या शेंड्याला, अळ्या जमिनीच्या आत, आणि भेक मधे जमिनीवर. भेटच नाही. भेकांनी बाकी सगळं खाल्लं आणि खंड व्यापायला निघाले. इथे मूळचा एकही बुफोनिड नव्हता, त्यामुळे इथल्या प्राण्यांना त्या विषाची ओळखच नव्हती. क्वोल नावाचा मांसाहारी प्राणी, मोठ्या घोरपडी, काळे साप भेक गिळून मेले. केन टोडची अंडी आणि डिंभसुद्धा (पाण्यातली शेपटीवाली पिल्लं) विषारी.

सिडनीतल्या रिक शाइन यांच्या गटाचं काम वाचण्यासारखं आहे. फैलावाच्या आघाडीवरच्या भेकांचे पाय मागच्या भेकांपेक्षा लांब झालेत. सुरुवातीला वर्षाला १० किलोमीटर सरकणारी आघाडी पुढे ५० च्या घरात गेली. त्याची किंमतही ते मोजतात. आघाडीच्या मोठ्या भेकांपैकी साधारण १० टक्क्यांच्या पाठीच्या मणक्यांना संधिवातासारखा आजार आहे. त्यांच्यासोबत दक्षिण अमेरिकेतून फुप्फुसातला एक जंतही आला. पण आघाडीवर भेक इतके विरळ असतात की जंत मागे पडतो, आणि ते भेक काही वर्षं रोगमुक्त पुढे पळतात.

प्राणी हलला की त्याचा रोगही हलतो. कधी बरोबर, कधी मागून.

तुंबडी | ७ जुलै, सकाळी ९:३०

पण ते परदेशी भेक होते. तळेगावहून लोणावळा म्हणजे लोकलने अर्ध्या तासाचं अंतर. तोच भेक, तोच सह्याद्री. उगाच बाऊ करताय असं वाटतं.

गोदातीर | ७ जुलै, सकाळी १०:१२

आपला भेकही परदेशी झालाय बरं का. मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ हाच डटाफ्रायनस पसरलाय. २०१४ मध्ये त्याची बातमी झाली, बहुधा मालाच्या कंटेनरमधून गेला. तिथे मूळचे भेक नाहीत. २०१८ मध्ये संशोधकांनी तिथल्या भक्षकांच्या पंपाचं जनुक तपासलं. ज्या ७७ जाती पाहिल्या त्यांतल्या एकीलाच या विषापासून संरक्षण निघालं.

मिरगाचा_किडा | ७ जुलै, सकाळी १०:५०

अवांतर: आमच्या गावी पाऊस लांबला की पोरं काठीला बेडूक बांधून दारोदार फिरायची, "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत. बायका त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या. बऱ्याचदा तो भेकच असायचा, कारण हाती तोच सापडायचा.

गावकूस | ७ जुलै, सकाळी ११:०५

आमच्याकडेही! धोंडीला लिंबाचा पाला बांधलेला असायचा. शेवटी बेडूक विहिरीजवळ सोडून द्यायचे.

पेट्रीडिश | ७ जुलै, दुपारी १२:४०

संशोधनावर बोलतोच आहोत तर माणसावर भेकांचं ऋण किती आहे तेही नोंदवतो.

बर्नार्डो हूसाय यांनी अर्जेंटिनात भेकांवर प्रयोग केले. स्वादुपिंड काढलेल्या भेकाला मधुमेह होतो, पण मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथीही काढली तर तो सौम्य होतो. साखरेच्या नियंत्रणात पिट्यूटरीचा हात आहे हे त्यातून उलगडलं आणि १९४७ चं नोबेल मिळालं. त्याच साली तिथल्याच कार्लोस गॅली मायनिनी यांनी गर्भचाचणी आणली: बाईची लघवी नर भेकाला टोचायची, ती गरोदर असेल तर काही तासांत भेकाच्या लघवीत शुक्राणू दिसतात. ही चाचणी भारतात आपल्या भेकावरही झाली.

आणि भेकाचं मूत्राशय! भेक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर मागचे पाय पसरून पोट जमिनीला चिकटवून बसतो, मांडीजवळची पातळ त्वचा पाणी शोषते. ते पाणी मूत्राशयात साठतं आणि कोरड्या दिवसांत परत रक्तात घेतलं जातं. ॲलेक्झांडर लीफ यांनी बोस्टनमध्ये १९५० च्या दशकापासून याच मूत्राशयावर काम करून पाणी-सोडियमची वाहतूक आणि व्हासोप्रेसिन संप्रेरकाचं काम समजावलं. आपल्या मूत्रपिंडाबद्दलचं बरंच ज्ञान असं भेकाच्या पोटातून आलंय.

कातळसडा | ७ जुलै, रात्री ९:३०

पेट्रीडिश यांनी त्वचेचा विषय काढला ते बरं झालं, खरी काळजी तिथेच आहे. तुंबडी यांच्या प्रश्नाचं उत्तरही.

कायट्रिड नावाची बुरशी उभयचरांच्या त्वचेत वाढते. १९९८ मध्ये ती मरतुकीचं कारण म्हणून ओळखली गेली, १९९९ मध्ये तिला बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे नाव मिळालं. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. ज्या त्वचेने भेक पाणी पितो आणि क्षार राखतो तिच्यातच ही बुरशी शिरते. २००९ मध्ये सिद्ध झालं की त्वचेची क्षारवाहतूक कोलमडते, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि हृदय थांबतं. डिंभांची बाकी त्वचा वाचते, कारण ही बुरशी ज्यात वाढते ते केराटिन (त्वचेतलं कडक प्रथिन) त्यांच्या फक्त तोंडाच्या भागात असतं. म्हणून ते धडधाकट दिसत राहतात आणि बुरशी जपून ठेवतात.

२०१९ च्या जागतिक आढाव्यानुसार या रोगामुळे ५०१ जाती घटल्या आणि ९० बहुधा नामशेष झाल्या. कोस्टारिकातल्या माँतेवेर्देचा सोनेरी भेक १९८७ मध्ये १,५०० हून जास्त दिसला होता, १९८९ मध्ये एकच नर. त्यानंतर कुणालाच दिसला नाही. तिथे बुरशी किती आणि दुष्काळ किती, हा वाद अजून आहे.

आता आपलं. सिंधुदुर्गात आंबोलीच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) झँथोफ्रायनी टायगरिना नावाचा भेक आहे. जेमतेम ३ सेंटीमीटरचा, कुशीवर पिवळे पट्टे, विणीत नर पिवळेधमक. पावसाच्या पहिल्या सरींनी कातळावर साचणाऱ्या तात्पुरत्या डबक्यांत त्याची वीण. २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं, तो अतिसंकटग्रस्त आहे. कोयनेला त्याचा भाऊबंद आहे, १९६३ मध्ये नोंदलेला. झँथोफ्रायनीच्या जाती या दोनच, आणि दोन्ही आपल्याच सह्याद्रीत.

उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांत कायट्रिड आढळल्याचं काम २०१३ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. तो आशियातला स्थानिक वाण निघाला. आपल्याकडे अमेरिकेसारखी मरतूक नोंदलेली नाही. २०१८ च्या जनुकीय अभ्यासात बुरशीचं मूळ पूर्व आशियाकडे निघालं, त्यामुळे इथले बेडूक आणि ती जुनी ओळखीची असावीत असं म्हणतात. पण जगभर फैलावलेला आक्रमक वाण वेगळा, तो इथे रुजला तर काय होईल हे कुणी आजमावून बघू नये.

तुंबडी | ७ जुलै, रात्री १०:१५

म्हणजे भेक बुरशी घेऊन फिरतील, आजारी दिसणारही नाहीत, आणि आपण त्यांना बादलीत भरून डोंगरावर नेणार?

कातळसडा | ७ जुलै, रात्री १०:२२

नेमकं तेच. तुमच्या भेकांना रोग आहे असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कळत नाही, एवढंच. तपासणी म्हणजे पोटावर आणि बोटांवर कापसाची काडी फिरवून पीसीआर.

निशाचर | ८ जुलै, सकाळी ७:५०

माणसाच्या हालचालीने काय होतं त्याचं टांझानियातलं किहान्सी हे मला सगळ्यात चटका लावणारं उदाहरण वाटतं. एका धबधब्याच्या तुषारांनी भिजणारी सुमारे २ हेक्टर जागा, आणि जगात फक्त तिथेच राहणारा सोनेरी पिवळा भेक, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. पिल्लं थेट जन्माला येतात, डिंभ नाहीतच. १९९६ मध्ये तो सापडला तेव्हा धरणाचं काम चालू होतं. २००० मध्ये पाणी वळवलं आणि तुषार संपले. मग पाइप टाकून कृत्रिम तुषार केले. २००३ च्या जूनमध्ये सुमारे २०,००० भेक होते, आणि त्यानंतर काही महिन्यांत सगळं कोसळलं. तपासात कायट्रिड सापडली. त्याच काळात धरणातला गाळ सोडला गेला, त्यात कीटकनाशकांचे अंशही होते. २००९ मध्ये ते जंगलातून नामशेष जाहीर झाले.

सुदैवाने धरण होताच सुमारे ५०० भेक अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले होते, त्यांची पैदास झाली आणि २०१२ पासून ते परत दरीत सोडले गेले. आधी तपासणी, आधी विलगीकरण, मग पिढ्यांची तयारी. शास्त्रीय पद्धतीने सोडणं हे असं असतं. पोत्यात भरून नेण्यात आणि यात काही नातं नाही.

झेंडूचीफुलं | ८ जुलै, सकाळी ९:२०

वाचून वाईट वाटलं. यावर औषध नाही का?

पेट्रीडिश | ८ जुलै, सकाळी ११:००

प्रयोगशाळेत आहे, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून भेक बरे होतात. पण रानातल्या प्रत्येक भेकाला कोण बुडवणार? म्हणून दुसऱ्या वाटा चालू आहेत. कोलोरॅडोतल्या बोरिअल टोडच्या त्वचेवर जांभळं रंगद्रव्य बनवणारा एक जिवाणू लावला, त्याने बुरशी रोखली आणि जास्त भेक जगले. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अभ्यासात बेडकांना उन्हात तापलेल्या विटांचे निवारे दिले. ही बुरशी २८ अंशांच्या वर वाढत नाही, त्यामुळे विटांच्या भोकांत बसणारे बेडूक आपोआप बरे झाले.

गोदातीर | ८ जुलै, दुपारी १२:१५

आणि ज्यांना अजून वाटतंय "भेक गेले तर काय बिघडलं" त्यांच्यासाठी: कोस्टारिका आणि पनामात या बुरशीने उभयचर संपले तिथे पुढची काही वर्षं मलेरिया वाढला, असं २०२२ च्या अभ्यासात दिसलं.

मिरगाचा_किडा | ८ जुलै, दुपारी १:०५

भेक असणं म्हणजे पर्यावरण शुद्ध असल्याची खूण, हेही मीटिंगमध्ये सांगा.

कातळसडा | ८ जुलै, दुपारी १:४०

इथे असहमत. आपला अंगणातला भेक गटाराशेजारीही मजेत राहतो. त्याच्यावरून पाणी शुद्ध ठरवू नका, कुणी उलटतपासणी केली तर बाकी चांगले मुद्देही वाया जातील. आंबोलीच्या भेकाबद्दल तसं म्हणता येईल, तो सडा सोडून कुठेच नाही. त्याच्या वाट्याचे धोकेही वेगळे: रात्री रस्त्यावर येणाऱ्या गाड्या, सड्यावरची बांधकामं, पावसाळी पर्यटकांची गर्दी. आंबोलीला, कोयनेला जाणाऱ्यांनी बुटांचा चिखल घरीच घासून, सुकवून निघावं. ही बुरशी वाळलेली जागा सहन करत नाही.

रानजाई | ११ जुलै, रात्री ८:३०

रविवारची मीटिंग झाली. ठराव मागे घेतला! मी तीनच मुद्दे ठेवले: भेक नेऊन सोडले तर रोग नवीन पाण्यात जाऊ शकतो, रिकाम्या जागेवर शेजारून दुसरे भेक येणारच, आणि कुत्र्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेला उपाय छापून नोटीस बोर्डावर लावायचा. कुत्र्याचे मालकच पहिले म्हणाले, पट्टा घालतो. बागेतली फवारणीही निम्म्यावर आणायचं ठरलं.

आता नवीन प्रश्न. क्लबहाउससमोरच्या कारंज्याच्या हौदात काळ्या ठिपक्यांच्या लांबलचक चिकट माळा दिसतायत, पाणवेलीला गुंडाळलेल्या. भेकाचीच अंडी ना? माळी पाणी उपसून ब्लिचिंग टाकायचं म्हणतोय.

निशाचर | ११ जुलै, रात्री ९:०५

भेकाचीच. बेडकांच्या अंड्यांचा गठ्ठा असतो, भेकांच्या माळा. ब्लिचिंग अजिबात नको, पंपही महिनाभर बंद ठेवा, डिंभ ओढले जातात. काठ उभा आणि गुळगुळीत असेल तर एक फळी तिरकी टाका, शेपूट गळाल्यावर पिल्लांना बाहेर पडायला जागा हवी. पाणी आटलं तर साठवलेलं पावसाचं घाला, नळाचं असेल तर बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग.

पशुवैद्य_वाई | ११ जुलै, रात्री ९:२०

आणि कुत्र्यांना त्या हौदातलं पाणी पिऊ देऊ नका, अंडीही विषारी असतात. पिल्लं बाहेर पडायला लागली की संध्याकाळी गवत कापायचं मशीन फिरवू नका.

रानजाई | ११ जुलै, रात्री ९:३५

फळी आत्ताच टाकून आले. माळीकाकांना सकाळी गाठते.